पडद्यामागून एजंट डावखुरा

गणपतीच्या दहा दिवसांतली एक रात्र शिनेमाची, हा नांदेड-देगलूर पट्ट्यातल्या मंडळांचा जुना शिरस्ता. वर्गणी जमली की आधी मशीनवाल्याला इसार, मग गुलालाची गोणी. पारासमोर दोन बांबू, मधे पांढरा पडदा, खाली सतरंज्या. जागा संपली की उरलेली मंडळी पडद्यामागं. तिकडून चित्र उलटं दिसे आणि एजंट पिस्तूल डाव्या हातात धरी.

हेरपटाची पेटी उतरली की गोष्ट काय, हे कुणी विचारत नसे. "कोण हाय?" एवढंच. आणि प्रश्न बरोबरच होता. तस्करांचा अड्डा, नकली दाढी, भिंतीतला चोरदरवाजा हा ऐवज सगळीकडं सारखा. चित्रपटाचा रंग ठरतो नायकाच्या चालीवर. रविकांत नगाइच या एकाच दिग्दर्शकाचे 'फर्ज' (१९६७) आणि 'सुरक्षा' (१९७९) शेजारी ठेवून बघा. जितेंद्रच्या एजंट ११६ चे पाय जमिनीवर ठरत नाहीत, त्यामुळं संकटही सहलीइतकं हलकं होतं. मिथुनच्या गनमास्टर जी-९ ची लय खांद्यातून निघते, जोडीला बप्पी लाहिरी. तिथं मारामारीसुद्धा नाचात जमा. 'फर्ज'चं मूळ तेलुगू, 'गूढचारी ११६', नायक कृष्णा. तेलंगणाच्या सीमेलगतच्या धर्माबादकडच्या प्रेक्षकांना हे वेगळं सांगावं लागत नसे.

'आँखें' (१९६८) मधला धर्मेंद्र वजनदार. ठोसा लागला की लागल्यासारखा दिसतो. नायक एवढा भारदस्त असला की हसवायचं काम दुसऱ्याकडं द्यावं लागतं. इथं ते मेहमूदकडं आहे. बाँडपटांतही हेच. दिग्दर्शक जॉन ग्लेननं १९८३ मध्ये रॉजर मूरला उदयपूरच्या गल्ल्यांतून रिक्षात पळवलं तेव्हा सगळी गंमत होती. १९८९ मध्ये त्याच ग्लेनच्या हाताखाली टिमोथी डाल्टन सूड घ्यायला निघाला आणि हसू आटलं.

मशीनवाल्याला हा फरक हातानं कळे. १६ मिमीच्या फिल्मवर आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढं असतो. गेट म्हणजे दिव्यासमोरची खिडकी, तिच्याखालचा लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, लहान-मोठा झाला की ओठ आणि शब्द यांची फारकत. धर्मेंद्र सावकाश बोलतो, चार चौकटींची चूक खपून जाई. जितेंद्रची टाच ठेक्यावर पडली नाही तर मागच्या सतरंजीवरूनही शिट्टी येई. लूप पार सुटला तर चित्र उड्या मारी, आणि फिल्म गेटमध्ये अडकून थांबली तर दिव्याच्या उष्णतेनं पडद्यावर तपकिरी भोक पसरे. जनरेटर दमला की सूर आधी खाली बसे, म्हणून 'फर्ज'च्या रात्री डिझेल आधीच काठोकाठ.

१६०० फुटांचं रीळ चालायचं ४४ मिनिटं. अडीच तासांच्या चित्रपटाला चार रिळं आणि मशीन एकच, म्हणजे तीनदा अंधार. त्या अंधारात भजी संपत आणि पडद्यामागची पोरं हळूच पुढं सरकत. पुढचं रीळ लागलं की एजंट पुन्हा उजव्या हाताचा.