माकूळ पैलवानाचे डोळे

रविवार, रात्री उशिरा

'इका रेसुरा' पुन्हा पाहिला आणि हसू आलंच नाही. मिनोरू कावासाकींचा २००४ चा सिनेमा, माणसाएवढा माकूळ (स्क्विड) रिंगमध्ये कुस्ती खेळतो. यात हसायचं नाही तर कशात? ताई म्हणते, रबर आहे ते. रबरच आहे. तरी घशाशी काहीतरी आलंय.

बहुधा इवातामुळे. ते काम करणारा ओसामू निशिमुरा खरा पैलवान, 'न्यू जपान' या जपानी कुस्ती संस्थेचा. १९९८ मध्ये कॅन्सर झाला, तरी रिंगमध्ये परतला. आणि सिनेमात तो कोण? दुर्धर आजारामुळे रिंग सोडून गेलेला आणि पाकिस्तानात साधना करून माकूळ होऊन आलेला इवाता. (पाकिस्तान मला उगाच आलेलं वाटत नाही. १९७६ मध्ये इनोकी या जपानी पैलवानाने कराचीत अक्रम पैलवानाला हरवलं होतं.) निशिमुरा २०२५ च्या फेब्रुवारीत गेला. आता त्याच्या लढती पूर्वीसारख्या कशा बघायच्या?

नुसत्या आपटाआपटीच्या क्लिपा फिरवणारे लोक... जाऊ दे.

पुन्हा ते डोळेच. त्यांत भाव आणायचा कशाने? माकुळाला मान नाही, खांदे नाहीत. उरतो कमरेतला वाक आणि दोन पावलांमधला थांबा. आतल्या माणसाने सगळं दुःख तेवढ्यावर दाखवायचं. माकुळाचे हात आठ, शिवाय दोन लांब शुंडा. माणसाचे हातपाय चारच. बाकीचं लोंबत राहणार, पायात येणार. पडणं त्याहून अवघड. उकेमीत, म्हणजे मार न लागता पडण्याच्या तंत्रात, हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, हात मॅटवर सपाट मारायचे, म्हणजे मार पसरतो आणि डोकं वाचतं. डोक्यावर उभा सुळका असला की त्याचं टोक आधी मॅटला लागतं आणि आतल्या माणसाची मान मुडपते. दिसतं बारीक फटीतून, रबरात हवा खेळत नाही, म्हणून शॉट तुकड्यातुकड्यांनीच घ्यावे लागतात.

एवढं सोसून केलेली गोष्ट थट्टेची कशी असेल?

आणि सिनेमातली माणसं त्याच्याशी पैलवान म्हणूनच वागतात. विजेत्याच्या पट्ट्याचा वाद, इवाताची जुनी प्रेयसी मियाको, मग ऑक्टोपसचं आव्हान, शेवटी शाको. शाको, म्हणजे मँटिस श्रिंप, बॉक्सर असणं तर अगदी चपखल. त्याच्या जातभाईंचा ठोसा शिंपला फोडतो. एकदा हे जग मान्य केलं की माकुळासाठी डोळे भरून येणारच. येऊ देत. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही.

उद्या 'कानी गोरुकीपा' (खेकडा गोलरक्षक) लावणार, २००६ चा, कावासाकींचाच. फुटबॉलच्या गोलची रुंदी ७.३२ मीटर, आणि गोलरक्षकाला पायात पाय न अडकवता आडवं सरकायला महिनोन्महिने शिकवावं लागतं. खेकड्याला ते उपजतच येतं. अडचण नांग्यांची: चेंडू अडवता येईल, पण छातीशी धरायला तळवा नाही, म्हणजे प्रत्येक फटका बाहेर ठोसायचा आणि सुटलेल्या चेंडूवर बचावपटूंनी आधी पोहोचायचं.