रक्ताची पिशवी आणायला जाताना : माझा अनुभव

राधानगरी, गगनबावड्याकडचा पेशंट कोल्हापुरात ॲडमिट झाला की ब्लड बँकेची धावपळ बहुतेक माझ्याकडे येते. नातेवाईक विचारतात, "किती बाटल्या लागतील?" मी आधी चिठ्ठी बघतो. हिमोग्लोबिन उतरलं असेल तर पीसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशी. प्लेटलेट घसरून रक्तस्राव होत असेल तर आरडीपी (दान केलेल्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट) किंवा एसडीपी (एकाच दात्याकडून मशीनवर घेतलेल्या प्लेटलेट). रक्त गोठत नसेल तर एफएफपी, म्हणजे गोठवून ठेवलेला प्लाझ्मा. अख्खं रक्त हल्ली क्वचितच लिहितात.

खरा वेळ जातो तो सॅम्पलमध्ये. ट्यूबवर पूर्ण नाव, आयपीडी नंबर (ॲडमिट पेशंटचा नंबर), तारीख, वेळ हे सगळं खाटेपाशीच लिहून घ्यावं. आपल्याकडे एका वॉर्डात तीन पाटील सहज निघतात. फॉर्मवर 'आनंदा बापू पाटील' आणि ट्यूबवर नुसतं 'ए. बी. पाटील' असेल तर ब्लड बँक सॅम्पल परत पाठवते, आणि ते योग्यच आहे. चुकीच्या ग्रुपचं रक्त जिवावर बेततं. ग्रुप तपासून क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं आणि पेशंटचं रक्त जुळतं का याची तपासणी, व्हायला पाऊण ते एक तास धरा.

प्लेटलेटसाठी निघण्याआधी फोन करावा. त्यांचं आयुष्य जेमतेम ५ दिवसांचं, त्यामुळे साठा असेलच असं नाही. एसडीपी हवी असेल तर दात्याच्या तपासण्या आधी होतात, मग मशीनवर तास-दीड तास. एक एसडीपी साधारण सहा आरडीपींच्या बरोबरीची.

पैशांचं म्हणाल तर रक्ताला किंमत नसते, प्रक्रियेचा खर्च घेतात. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०२२ च्या दरांप्रमाणे पीसीव्हीला सरकारी पेढीत ११००, खासगीत १५५० रुपये. विशेष तपासण्यांचे वेगळे. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलच्या पेशंटला हा खर्च माफ असतो, त्याचं कार्ड सोबत ठेवा.

पिशवी नेताना मी सगळ्यांना बजावून सांगतो. पीसीव्ही बर्फाच्या डब्यातून न्यायची, पण पिशवी बर्फाला चिकटू द्यायची नाही. पेशी गोठल्या की फुटतात. प्लेटलेटला बर्फ अजिबात नको. त्या २० ते २४ अंशांवर हलत्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे वॉर्डातल्या फ्रिजमध्येही ठेवू नयेत. एफएफपी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवून देतात आणि एकदा वितळली की परत गोठवता येत नाही. डॉक्टर लावायला तयार आहेत का, हे आधी विचारूनच ती मागवावी. दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत अडकण्याचा वेळही हिशेबात धरा, कारण पीसीव्ही बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात लावायची असते. उशीर झाला तर ती पिशवी सहसा परत घेत नाहीत. एका दात्याचं रक्त वाया जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

लावताना सिस्टर आणि डॉक्टर पेशंटचं नाव, आयपीडी नंबर, पिशवीचा नंबर, ग्रुप आणि एक्स्पायरी मोठ्याने वाचून जुळवतात. जुळवलं नसेल तर नातेवाइकांनी खुशाल विचारावं. रक्त लावायच्या नळीचा सेट जाळीचाच, साधा सलाइनचा नव्हे. त्याच नळीतून नॉर्मल सलाइनखेरीज काही नको. आरएल (रिंगर लॅक्टेट) या सलाइनमधल्या कॅल्शियमने रक्त साकळतं. पहिली १५ मिनिटं थेंब सावकाश सोडतात. तेवढा वेळ पेशंटजवळून हलू नका. हुडहुडी, अंगावर गांधी, कंबरदुखी, धाप, लाल लघवी यातलं काहीही दिसलं तर लगेच सिस्टरना हाक मारा. त्या रक्त थांबवून सलाइन चालू ठेवतात आणि नवीन सॅम्पलसह उरलेली पिशवी तपासणीला पाठवतात. पीसीव्ही चार तासांत संपलीच पाहिजे. उरलेली पिशवी कचऱ्यात टाकू देऊ नका, सिस्टरकडेच द्या.