पेटीतला निळा पोशाख

नाटकांचा कपडेपट सांभाळत असल्यामुळे चित्रातल्या माणसाच्या चेहऱ्याआधी माझी नजर शिवणीवर जाते. इंग्रज चित्रकार गेन्सबरोचा ‘ब्लू बॉय’ (साधारण १७७०), निळ्या पोशाखातल्या मुलाचं चित्र, बघताना मी बाहीपाशीच अडकले. निळ्या बाहीला उभी चीर, तिच्यातून बाहेर आलेला आतल्या सदऱ्याचा पांढरा फुगा, गळ्याला रुंद लेसची कॉलर, बुटांवर बो. स्क्रीनवर चित्र मोठं करत गेलं की सॅटिन नाहीसं होतं आणि नुसते पांढरट, राखाडी, निळे फटकारे उरतात. लहान केलं की परत चमकायला लागतं.

पण हा कट १७७० चा नाहीच. तो १६३० च्या दशकातला, इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सच्या दरबारात चित्रकार व्हॅन डाइक रंगवायचा तसला. म्हणजे पोरगा जवळजवळ दीडशे वर्षं जुन्या फॅशनमध्ये उभा आहे. गेन्सबरोच्या काळी पोर्ट्रेटसाठी आणि मुखवट्यांच्या नाचांसाठी असा वेश करायची हौसच होती. ज्या राजाचं डोकं १६४९ मध्ये उडवलं, त्याच्या दरबाराची ही हुरहुर! मुलगा कोण, यावर वाद आहे. पूर्वापार सांगतात तो एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तसं असेल तर खानदानीपणा सगळा सॅटिनचाच.

खरी गंमत पुढे. हाच पोशाख गेन्सबरोच्या इतर चित्रांतही दिसतो. म्हणजे स्टुडिओतल्या पेटीतला! आमच्याकडेही एकच राजाचा झगा कॉलर बदलून तीन नाटकांत फिरतो. कॅनव्हाससुद्धा वापरलेलाच: १९३९ च्या एक्स-रेत खाली एका मोठ्या माणसाचं डोकं सापडलं.

कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन संग्रहालयात त्याच्या जोडीला लॉरेन्सने रंगवलेली मुलगी ‘पिंकी’ असते. ती १७९४ ची, चित्रकार वेगळा, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी शेजारी आल्यामुळे ‘मुलगा निळा, मुलगी गुलाबी’ असं लोक वाचतात. तिचा झगा तर पांढरा आहे. गुलाबी आहे ती टोपी आणि कमरेची फीत. आणि व्हॅन डाइकनेच १६३५ मध्ये राजाच्या मुलांना रंगवलं, त्यात पाच वर्षांचा युवराज चक्क घोळदार झग्यात आहे. तेव्हा लहान मुलगे झगेच घालत. लगेच नंतरच्या चित्रात तो विजारीत आला, म्हणजे मोठा झाला.

मागे एका बालनाट्यासाठी मी तसली बाही शिवायला घेतली. सॅटिनवर सुईचं एकेक भोक दिसतं, उसवलं की कापड गेलंच. दुसऱ्यांदा बेतली तेव्हा कुठे जमली. ट्रायलला नऊ वर्षांचा राजपुत्र लेसची कॉलर बघून अडूनच बसला: “हे मुलींचं आहे!” मी चित्र दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “ह्याच्या हातातली पिसांची टोपी कुठेय?”

ती करायची राहिलीच होती.