एलएलसी काढली, आता तिची पत

अमेरिकेत एलएलसी, म्हणजे मालकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारी कंपनी, काढायला एक संध्याकाळ पुरते. तिच्या नावावर कुणीतरी उधार देईल ही वेळ यायला मात्र वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि त्यातला बराच काळ पहिल्या आठवड्यातल्या निष्काळजीपणामुळे वाया जातो. नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. पत्ता आज घरचा, उद्या मेलबॉक्सचा. कंपनी ही मालकापेक्षा वेगळी व्यक्ती आहे हे बाहेरच्यांना फक्त कागदांवरूनच कळतं, त्यामुळे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत.

आधी राज्य ठरवा. वायोमिंगचं नाव सगळीकडे ऐकू येतं. एलएलसीचा पहिला कायदा १९७७ साली तिथेच झाला, नोंदणी १०० डॉलर आणि वर्षाला किमान ६० डॉलर, म्हणजे स्वस्तच. पण तुम्ही कॅलिफोर्नियात बसून काम करणार असाल, तर तीच एलएलसी तिथे ‘फॉरेन’, म्हणजे दुसऱ्या राज्यातली, एलएलसी म्हणून पुन्हा नोंदवावी लागते. मग दोन राज्यांची फी, दोन रजिस्टर्ड एजंट (कंपनीचे सरकारी कागद स्वीकारणारे), आणि कॅलिफोर्नियाचा वर्षाचा किमान ८०० डॉलर फ्रँचायझ टॅक्स काही चुकत नाही. डेलावेअरचंही तेच. मोठे गुंतवणूकदार आणायचे असतील तर डेलावेअरला अर्थ आहे, पण त्यांना बहुतेक वेळा एलएलसी नव्हे, शेअर देता येणारी सी कॉर्पोरेशन हवी असते. लहान धंद्याने जिथे काम तिथेच नोंदणी करावी. न्यू यॉर्कवाल्यांनी एक जास्तीचा खर्च धरावा: नोंदणीनंतर १२० दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत सलग सहा आठवडे जाहिरात द्यावी लागते, आणि मॅनहॅटनमध्ये ती जाहिरात २०० डॉलरच्या नोंदणी फीपेक्षा कितीतरी महाग पडते.

राज्याची मंजुरी हातात आल्यावरच ईआयएन, म्हणजे कंपनीचा कर क्रमांक, घ्या. आधी घेतला आणि राज्याने नाव नाकारलं, तर आयआरएसकडे (केंद्रीय कर खात्याकडे) एक नाव आणि राज्याकडे दुसरं असा घोळ होतो. एसएसएन किंवा आयटीआयएन हा तुमचा वैयक्तिक क्रमांक असेल तर आयआरएसच्या साइटवर काही मिनिटांत काम होतं, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट ही मधल्या दलालाची असते. शेवटी मिळणारं सीपी ५७५ हे पत्र तिथल्या तिथे डाउनलोड करून ठेवा. बँक तेच मागते, आणि ते हरवलं तर आयआरएसला फोन करून १४७सी नावाचं दुसरं पत्र मागवावं लागतं.

ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे कंपनी कशी चालेल याचा करार, एकट्या मालकानेही लिहावं. अनेक राज्यांत ते कुठे दाखल करावं लागत नाही, म्हणून लोक ते टाळतात आणि बँकेच्या काउंटरवर अडकतात. नोंदणी झाली की टपालात सरकारी दिसणारी पत्रं येऊ लागतात: पोस्टर घ्या, सर्टिफिकेट घ्या, मालकीची माहिती भरा. त्यातली बहुतेक खासगी विक्रीची असतात. फिनसेन या अमेरिकी अर्थखात्याच्या विभागाकडे मालकांची माहिती देण्याची अट मार्च २०२५ पासून अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांना लागू नाही, त्यामुळे तिच्या नावाने कुणी पैसे मागितले तर पत्र सरळ कचऱ्यात टाका.

व्हिसाचा मुद्दा आपल्या लोकांसाठी वेगळा सांगायलाच हवा. एच-१बीवर असताना एलएलसीची मालकी चालते, पण परवानगीशिवाय तिच्यासाठी काम करणं चालत नाही, आणि ‘फक्त शनिवार-रविवार’ ही काही सूट नाही. एच-४ वर असलेल्या जोडीदाराकडे ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, असेल तर त्याला काम करता येतं. आणि भारतात राहणारी एकटी व्यक्ती मालक असेल, तर उत्पन्न शून्य असलं तरी भांडवल घातल्याचा व्यवहार दाखवायला आयआरएसचा फॉर्म ५४७२ आणि त्यासोबत ११२० या कंपनी-कराच्या फॉर्मचा नमुना भरावा लागतो. विसरलात तर दंड २५,००० डॉलर.

कंपनीचं बँक खातं उघडल्यावर शिस्त सुरू होते. किराणा कंपनीच्या कार्डावर आणि कंपनीचं भाडं घरच्या खात्यातून, असं चाललं तर खटल्यात समोरचा वकील ‘ही कंपनी वेगळी नाहीच’ म्हणतो, आणि कोर्ट ते मान्य करू शकतं. सही करतानाही फक्त नाव नको. कंपनीचं नाव, खाली तुमची सही, पुढे ‘मेंबर’ किंवा ‘मॅनेजर’.

आता पत. डन अँड ब्रॅडस्ट्रीट, एक्स्पीरियन आणि इक्विफॅक्स या तीन ब्युरोंकडे, म्हणजे पतीची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडे, कंपन्यांच्या फाइल असतात. पहिल्याकडचा नऊ आकडी डन्स नंबर, म्हणजे तिथल्या फाइलचा क्रमांक, फुकट मिळतो. वेळ लागतो, आणि मधल्या काळात ‘पैसे भरा, लवकर देतो’ असे फोन येतात. घाई नसेल तर थांबा. अर्ज करण्याआधी तुमच्या नावाची फाइल आधीच आहे का ते शोधा. कधीकधी ती आपोआप तयार झालेली असते, आणि दुसरी उघडली की अर्धा इतिहास इकडे, अर्धा तिकडे.

डन्स नंबर मिळाला म्हणजे पत झाली, असं नाही. फाइल भरते ती उधारी वेळेवर फेडल्याच्या नोंदींनी. त्यासाठी नेट-३० देणारे पुरवठादार लागतात: माल आज, पैसे तीस दिवसांत. यूलाइन, ग्रेंजर ही नावं या संदर्भात नेहमी निघतात, पण कुठलंही खातं उघडण्याआधी एकच प्रश्न विचारा: तुम्ही कुठल्या ब्युरोला कळवता? जो कुणालाच कळवत नाही, त्याच्याकडे वर्षभर वेळेवर पैसे भरूनही फाइल कोरीच राहते. आणि लागणारंच सामान घ्या. स्कोअरसाठी पेनांची खोकी साठवण्यात काही अर्थ नाही.

डन अँड ब्रॅडस्ट्रीटचा पेडेक्स हा स्कोअर १ ते १०० असतो. ठरल्या तारखेला पैसे दिले तर ८०, सरासरी पंधरा दिवस उशीर झाला तर ७०, तीस दिवस आधी दिले तर १००. म्हणजे वैयक्तिक क्रेडिट स्कोअरसारखं नुसतं वेळेवर भरून भागत नाही. वरचे वीस गुण लवकर भरण्याचे आहेत. शिवाय रकमेनुसार वजन असल्यामुळे मोठ्या बिलाचा एक उशीर चार छोट्या वक्तशीर बिलांना खाऊन टाकतो. निदान दोन पुरवठादारांकडून तीन नोंदी येईपर्यंत हा आकडा दिसतच नाही.

वैयक्तिक हमीशिवाय कार्ड मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, आणि ‘दहा वर्षं जुनी तयार कंपनी’ विकणाऱ्यांपासून त्याहून लांब. नव्या एलएलसीला कार्ड देताना बँक मालकाचाच स्कोअर बघते आणि मालकाचीच हमी घेते. म्हणजे त्या कर्जापुरती एलएलसीची ढाल नाही, हे समजून सही करा.

रोख अडली की मर्चंट कॅश अ‍ॅडव्हान्सवाले, म्हणजे पुढच्या विक्रीवर आगाऊ रोख देणारे, हजर होतात. १.३ हा ‘फॅक्टर’, म्हणजे घेतलेल्याच्या १.३ पट परतफेड, ऐकायला तीस टक्के वाटतो. २०,००० डॉलर घेऊन सहा महिन्यांत दर आठवड्याला हजार याप्रमाणे २६,००० फेडले, तर वार्षिक दर शंभर टक्क्यांवर जातो, कारण मुद्दल पहिल्याच आठवड्यापासून परत जात असतं. वर ते कंपनीच्या सगळ्या मालमत्तेवर यूसीसी-१ ही राज्याकडची नोंद करून बोजा चढवतात, आणि तो दिसला की पुढची बँक बहुधा मागे सरते. कर्ज कुठलंही असो, फिटलं की यूसीसी-३ ही बोजा काढण्याची नोंद दाखल करून बोजा उतरवायला लेखी सांगा, आणि महिन्याभराने राज्याच्या साइटवर नोंद स्वतः तपासा. नाहीतर फिटलेलं कर्ज एरवी पाच वर्षांपर्यंत तिथे दिसत राहतं.