मागची मुंगी

रात्रभर पाऊस पडून गेला होता. मी जंगलात खरं तर कोळी मोजायला गेलो होतो. चौकोन आखायचा, त्यातला पालापाचोळा चाळायचा, निघेल ते वहीत उतरवायचं. पहिल्याच चौकोनाशेजारी, एका झाडाच्या मुळाशी डायकॅमा मुंग्यांचं बीळ होतं. सेंटिमीटरभर लांबीच्या काळ्या मुंग्या, एरवी एकेकट्या शिकारीला हिंडणाऱ्या. आज मात्र त्या दोघी-दोघींनी बाहेर पडत होत्या. पुढची चालायची आणि मागची तिच्या पोटावर स्पर्शिकांनी टकटक करत अगदी खेटून जायची. रांग नाही, गर्दी नाही. काही मागच्यांच्या तोंडात अळ्या आणि कोष होते.

बिळात पाणी शिरलं असावं, बिऱ्हाड हलत होतं. बऱ्याच जाती अशा वेळी वासाची वाट आखतात. इथे नवी जागा पाहून आलेली मुंगी एकेकीला सोबत घेऊन जाते, तिला पोचवते आणि पुढचीला न्यायला परत येते. या जोडीने चालण्याबद्दल, टँडेम रनबद्दल, वाचलं होतं, पण पाहिलं ते त्या दिवशी. कोळी राहिले बाजूला.

न राहवून मी चिमट्याने एक मागची मुंगी अलगद उचलली. पुढची दोन पावलं गेली आणि थबकली. पळाली नाही, शोधायलाही निघाली नाही, नुसती उभी राहिली. उचललेली मी वीतभर मागे सोडली. ती गोल गोल फिरली, पुढचीला भिडली, टकटक सुरू झाली आणि जोडी चालू लागली. मला इतकी मजा वाटली की आणखी दोनदा तेच केलं.

मग लख्ख आठवलं की डायकॅमात राणी नसते. वसाहतीतली एकच कामकरी मुंगी नराशी जुगते आणि अंडी घालते. नव्याने कोषातून निघालेल्यांच्या पाठीवरचे पंखांच्या जागचे दोन इवलेसे गोळे ती कुरतडून टाकते, मग त्या जुगत नाहीत. गोळे शाबूत असतात ते तिचेच. तीही याच वाटेने, कुणाच्या तरी मागे चालत जाणार होती. मी उचललेल्या तिघींपैकी एखादी तीच असती तर?

चिमटा खिशात टाकला आणि भिंग घेऊन चिखलात पालथा पडलो. चालत्या मुंगीची पाठ बघणं म्हणजे धावत्या बसची पाटी वाचणं. एकीवर गोळे दिसले, निदान तसं वाटलं, तेवढ्यात श्वासाने भिंग धुरकटलं.

दुपारी वर्दळ थांबली. जुन्या बिळाच्या तोंडाशी एकच मुंगी आत-बाहेर करत राहिली होती. तिला न्यायला कुणी येतं का, हे बघत बसलो.

वीसेक मिनिटांनी आली.