सूज उतरली, आता लघवीची गोळी बंद करू का?

"मॅडम, पायाची सूज गेली. ती लघवीची गोळी आता बंद करू का?" आठवड्यातून दोनदा तरी हे कानावर येतं. विचारणाऱ्याचं हृदय कमजोर झालेलं असतं, पंपिंग तीस-पस्तीस टक्क्यांवर आलेलं असतं आणि चिठ्ठीवर बहुतेक वेळा लघवीच्या म्हणून दोन औषधं असतात. फ्युरोसेमाइड किंवा टोरसेमाइड हे खरोखर लघवीचं औषध. सूज उतरली की डॉक्टर त्याचा डोस कमी करतात, कधी थांबवतातही. दुसरं स्पायरोनोलॅक्टोन. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते, कारण त्याला नुसती 'लघवीची गोळी' म्हणून आम्ही डॉक्टरांनीच तुमची दिशाभूल केली आहे.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर अ‍ॅड्रिनल नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतून अल्डोस्टेरॉन हे हार्मोन पाझरतं. लंडनच्या सिल्व्हिया आणि जेम्स टेट या जोडप्याने बाझेलच्या शास्त्रज्ञांच्या साथीने ते १९५३ साली वेगळं काढलं. मीठ शरीरात धरून ठेवायचं आणि पोटॅशियम लघवीतून सोडायचं, हे त्याचं काम. पण हार्मोन नुसतं रक्तात फिरून काही घडत नाही. पेशीच्या आत त्याच्यासाठी मांडलेला एक पाट असतो, त्याला रिसेप्टर म्हणतात. त्या पाटावर हार्मोन बसलं की दोघं मिळून पेशीच्या केंद्रकात जातात आणि तिथली जनुकं चालू-बंद करतात.

स्पायरोनोलॅक्टोन त्या पाटावर आधी येऊन बसतं आणि काहीच करत नाही. पाट अडवून ठेवणं एवढंच त्याचं काम.

आता मुख्य गोष्ट. हे पाट फक्त मूत्रपिंडात नसतात. हृदयाच्या स्नायूत असतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही असतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांना अल्डोस्टेरॉन आणि भरपूर मीठ दिलं, तेव्हा त्यांच्या हृदयात कोलॅजनचे चिवट धागे माजले. जखम भरल्यावर जसा वण उरतो, तसा वण हृदयभर पसरला. सोबत स्पायरोनोलॅक्टोन दिलं तेव्हा धागे वाढले नाहीत, आणि डोस इतका कमी होता की बीपी उतरलंसुद्धा नाही! मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. नुकसान नुसत्या दाबाने होत नव्हतं, त्या पाटावर कोण बसलंय यानेही होत होतं.

माणसांतला पुरावा १९९९ साली आला. 'रेल्स' या अभ्यासात हृदय खूपच कमजोर झालेले १,६६३ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीच्या औषधांसोबत दिवसाला साधारण २५ मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोन दिलं. एवढ्या डोसाने लघवी फारशी वाढत नाही. सरासरी दोन वर्षांत गोळी न मिळालेल्यांपैकी ४६ टक्के दगावले, गोळी मिळालेल्यांपैकी ३५ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. सूज गेली तरी गोळी का, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

मात्र पाट अडवला की पोटॅशियम बाहेर जायचं कमी होतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जातो. 'रेल्स'नंतर कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ही गोळी एकदम भरपूर लिहिली गेली आणि वाढलेल्या पोटॅशियमसाठी दवाखान्यात भरती होणारे वाढले, मृत्यूही वाढले. म्हणून गोळी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात, मग महिन्याने आणि पुढेही ठरावीक काळाने रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन तपासायचंच. आणि बीपीसाठी चांगलं म्हणून जे लो-सोडियम मीठ आणता, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. ही गोळी चालू असताना ते घरात नको. रोज शहाळं पिण्याआधीही मला विचारा.

ज्येष्ठमधाबद्दलही बरेच जण विचारतात, तेही इथलंच. कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोन याच पाटावर अगदी सहज बसू शकतं, आणि रक्तात ते अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट असतं. मूत्रपिंडात एक एन्झाइम दारात उभं राहून त्याला निकामी करतं, म्हणून पाट मोकळा राहतो. हा उलगडा १९८८ साली मेलबर्न आणि एडिनबरा इथल्या संशोधकांनी केला. ज्येष्ठमध नेमकं त्या राखणदारालाच आंधळं करतं. मग कॉर्टिसॉलची झुंबड आत शिरते, बीपी चढतं, पोटॅशियम घसरतं, पाय सुजतात. घसा बसल्यावर दोन दिवस काडी चघळली तर बिघडत नाही. बीपीच्या किंवा हृदयाच्या पेशंटने महिनोन् महिने रोज काढा घेऊ नये.

आणखी एक गोष्ट पुरुषांसाठी. माझ्या काकांना ही गोळी चालू होती. एका पावसाळ्यात त्यांना पुन्हा धाप लागायला लागली. गोळ्यांची पाकिटं मोजली तेव्हा कळलं, तीन महिने त्यांनी स्पायरोनोलॅक्टोन घेतलंच नव्हतं. कितीदा विचारलं, नुसतं "विसरलो" म्हणत राहिले. शेवटी काकूने सांगितलं. त्यांची छाती बायकांसारखी सुजली होती, सदऱ्याचा स्पर्शही दुखत होता, आणि पुतणीला हे कसं सांगायचं म्हणून ते गप्प होते.

हे औषध पुरुषी हार्मोनच्या रिसेप्टरवरही जाऊन बसतं, त्याचा हा परिणाम. 'रेल्स'मध्ये दहातल्या एका पुरुषाला हा त्रास झाला होता. एप्लेरेनोन नावाचं दुसरं औषध जवळपास फक्त अल्डोस्टेरॉनचाच पाट अडवतं. काकांना ते सुरू केलं, हळूहळू दुखणं गेलं, धापही कमी झाली. तेव्हापासून पुरुष पेशंटला ही गोळी लिहून दिली की मी पुढच्या वेळी स्वतःहून विचारते, "काका, छाती दुखते का हो, स्तनाग्राजवळ?" बरेच जण आधी बायकोकडे बघतात.