दुकानात थंड, घरी तवा

मे महिन्यात आमच्या नागपुरात दुपारी एक ते पाच माझ्या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात माशी पण येत नाही. गेल्या वर्षी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, चालू होता, बाहेर 45 च्या वर, मी शटर अर्धं ओढून एसीत पडलो होतो तर एक पोट्टा आला, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, आणि त्यानं मिठाईच्या डब्यातून ग्राफिक्स कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. म्हणे दादा गेम चालू केला की दहा मिनिटांत अडकायला लागतो, मग स्क्रीन काळी आणि पंखे विमानासारखे ओरडतात, बटण दाबून बंद केल्याशिवाय थांबतच नाही.

कार्ड होतं आरटीएक्स 3060 टीआय, तीन पंख्यांचं, सेकंड हँड घेतलेलं. सेकंड हँड ऐकलं की माझ्या डोक्यात एकच येतं, मायनिंग, म्हणजे कार्डावर दिवसरात्र गणितं चालवून डिजिटल नाणी कमावणं. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं ना, त्यानंतर बाजारात असल्या कार्डांचा पूरच आला होता आणि 3060 टीआय म्हणजे मायनिंगवाल्यांचं लाडकं कार्ड, चोवीस तास महिनोन्‌महिने चाललेलं. मी न उघडताच बोलून मोकळा झालो, "फसला बे तू, मायनिंगचं कार्ड आहे हे." त्याचं तोंड एवढंसं झालं. आता आठवलं की वाईट वाटतं, कारण बिचाऱ्यानं वर्षभर ट्युशन घेऊन पैसे जमवले होते आणि मी एका मिनिटात त्याच्यावर पाणी टाकलं.

बरं, उघडायच्या आधी बेंचवर लावून फरमार्क, म्हणजे कार्डावर पूर्ण ताण टाकणारं सॉफ्टवेअर, चालवलं. दुकानात एसी, 26-27 डिग्री, आणि माझा बेंच म्हणजे उघडा सांगाडा, बोर्ड आडवा पडलेला, आजूबाजूला काही नाही. कार्ड 79 ला गेलं, पण हॉटस्पॉट 102. हॉटस्पॉट म्हणजे चिपवरचा सगळ्यात गरम ठिपका, तो आणि कार्डाचं एरवी दिसणारं टेंपरेचर यांच्यात बारा-पंधराचा फरक असला तर मी मनावर घेत नाही, पण इथं तेवीस. म्हणजे चिप आणि तिची उष्णता ओढून घेणारा पत्र्यांचा हीटसिंक नीट टेकलेले नाहीत, नाहीतर दोघांमधली पेस्ट गेली. उघडलं तर पेस्ट पार खडूसारखी, नखानं खरवडली तर भुगा पडला. थर्मल पॅड, म्हणजे मेमरीची उष्णता हीटसिंकला देणाऱ्या मऊ पट्ट्या, फाटले होते ते पण बदलले. पॅड बदलताना मी व्हर्नियरनं जाडी मोजतोच मोजतो, कारण एकदा एकाच्या कार्डाला 1 मिमीच्या जागी 2 मिमीचे लावले होते, मेमरीवर पॅड जाड झाले आणि हीटसिंक चिपवर बसायलाच तयार नाही, अधांतरी, ते कार्ड दुरुस्तीच्या आधीपेक्षा जास्त तापलं होतं. तो किस्सा मी सहसा कोणाला सांगत नाही.

सगळं जोडून परत अर्धा तास फरमार्क. 66, हॉटस्पॉट 78. मी खूश. पोट्ट्याला फोन केला, पेस्ट आणि पॅडचे पैसे घेतले, वर ऐटीत सांगितलं की आता दोन वर्षं पाहू नको.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी फोन. "दादा, तेच होऊन राहिलं."

मी म्हटलं एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) असेल, नाहीतर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर). ड्रायव्हर काढून नवीन टाकायला लावला, काही नाही. परत कार्ड घेऊन आला, त्याच डब्यात. बेंचवर लावलं, 66. तासभर चालवलं, 67. आता या माणसाला काय सांगू? दुकानात कार्ड गायीसारखं शांत आणि घरी नेलं की अंगात येतं. खरं तर मी तेव्हाच पूर्ण कॅबिनेट आणायला सांगायला पाहिजे होतं, पण तो बाईकवर येणारा, त्यात ते काचेचं मोठं धूड, उन्हात आणणार कसं. म्हटलं रविवारी मीच येतो.

घर मानेवाड्याकडे, वरच्या मजल्यावर, स्लॅबखालची खोली. दुपारी तीनला गेलो. खिडकीत कुलर, वाळ्याच्या ताट्या, हवा सरळ कॉम्प्युटर टेबलावर. दार बंद, पडदे बंद, स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून. आता ज्यांच्याकडे कुलर आहे त्यांना माहीत आहे की हवा बाहेर जायला वाट नसली की कुलर थंड करत नाही, नुसता चिकचिकाट करतो. बॅगेतला छोटा थर्मामीटर टेबलावर ठेवला, 37. म्हणजे माझ्या दुकानापेक्षा दहा जास्त. खोली दहानं गरम तर कार्ड पण जवळपास दहानं गरम, हा साधा हिशोब, पण तरी 76-77 व्हायला पाहिजे होतं, स्क्रीन काळी व्हायचं कारण नव्हतं.

मग टेबलाखाली वाकून कॅबिनेट पाहिलं. कार्ड उभं! रायझर केबल, म्हणजे कार्ड बोर्डापासून लांब जोडायची वायर, टाकून काचेकडे तोंड करून उभं केलेलं, तीन पंखे, लाईटिंग, सगळं एकदम शोकेस. दिसायला झकास. पण पंखे आणि काच यांच्यात माझं एक बोट कसंबसं शिरलं.

"हे असं कधी केलं?"

"दोन महिने झाले, व्हिडिओत पाहिलं होतं दादा."

गेम लावला आणि टेंपरेचर दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून बसलो. सात-आठ मिनिटांत 83, मग 86, हॉटस्पॉट 103. हे कार्ड 83 च्या आसपास पोचलं की स्वतःच क्लॉक, म्हणजे वेग, खाली आणतं, त्यामुळे 1900 मेगाहर्ट्झचं 1400 वर आलं आणि गेम अडकायला लागला, पोट्टा सांगत होता तस्सं. एवढ्यात त्याचे वडील चहा घेऊन आले. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले, बनियनवर, खांद्याला पंचा. चहा ठेवला, खाली बसले, काचेवर तळवा लावला आणि झटकन मागे घेतला.

"भाऊ, हा पंखा हवा आत ओढतो का बाहेर फेकतो?"

म्हटलं काका, समोरून ओढतो आणि मागच्या पत्र्यांतून, म्हणजे हीटसिंकमधून, काढतो.

"मग समोर तर काच आहे. ओढतो काय, काच?" आणि पोराकडे वळून, "गाडीच्या रेडिएटरसमोर प्लायवूड लावून घाट चढवून राहिला काय रे तू?"

मी चहाचा कप हातात धरून नुसता बसलो. वीस वर्षं झाली मला या कामात आणि मी पेस्ट, पॅड, मायनिंग, एसएमपीएस, ड्रायव्हर सगळीकडून फिरून आलो, आणि या माणसानं हात लावून सांगितलं. बाहेरून हवा मिळत नसल्यामुळे कार्ड स्वतःचीच गरम हवा काचेवर आपटून परत ओढत होतं. माझ्या उघड्या बेंचवर ते कधी दिसणारच नव्हतं.

काच काढली, गेम तसाच चालू ठेवला. पाच मिनिटांत 76. पोट्टा स्क्रीनकडे पाहतच राहिला.

मग नीट काम केलं. रायझर काढून कार्ड परत बोर्डवर आडवं, वजनानं वाकू नये म्हणून खालून टेकू. हीटसिंकच्या कडेला धूळ बसली होती ती कोरडी नाही, ओलसर, लोण्यासारखी, वर पांढरा थर. कुलर सरळ तोंडावर असला की त्याचे बारीक थेंब उडतात आणि आपल्याकडचं पाणी किती जड आहे ते कुलरची टाकी घासणाऱ्याला विचारा. हे बोर्डवर जाऊन बसलं असतं तर कार्ड राहू दे, सगळंच गेलं असतं. कुलरचं तोंड दुसरीकडे वळवलं, दाराला फट ठेवायला सांगितलं. काकू दारातून म्हणाल्या, मी कधीची म्हणून राहिली दार उघडं ठेव म्हणून.

अजून एक गोष्ट सापडली. मॉनिटर 75 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला पंचाहत्तर फ्रेम (चित्रं) दाखवणारा, आणि गेममध्ये फ्रेम चालू होत्या सेकंदाला 240 च्या वर, काही मर्यादाच नाही. मॉनिटर दाखवणार पंचाहत्तर, बाकी सगळ्या कार्डानं उगाच काढायच्या आणि त्याची उष्णता खोलीत ओतायची. 75 वर बांधून टाकलं. आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमधून अंडरव्होल्ट पण केलं, म्हणजे चिपचं व्होल्टेज कमी करून 850 मिलिव्होल्टवर आणलं, त्यामुळे फुल लोडवर पण 200 वॅट खाणारं कार्ड दीडशेच्या आसपास आलं आणि वेगात फरक म्हणाल तर पोट्ट्याला सांगता आला नाही. वॅट कमी म्हटल्यावर काकांचे कान टवकारले, बिलात किती फरक पडेल ते लगेच विचारलं. मी म्हटलं काका, ते तो किती तास खेळतो यावर आहे. यावर त्यांनी पोराकडे जे पाहिलं ते लिहिता येणार नाही.

शेवटी काच लावून 37 च्या खोलीत तासभर गेम, 68 च्या वर गेलं नाही. मी पैसे घेतले नाहीत, घेणार तरी कोणत्या तोंडानं. पोट्टा मात्र थोडा हिरमुसला होता, "दादा, पण आता लाईटिंग दिसत नाही ना."

आठवड्याभरानं काकांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. काचेच्या जागी त्यांनी स्वतः जाळीचा पत्रा कापून बसवला होता, कडा घासून, रिव्हेट मारून, एकदम कंपनी फिटिंग, आणि जाळीतून लाईटिंग दिसून राहिली होती. खाली लिहिलं होतं, "64. अजून कमी पायजे का?"